चांद्याच्या रानातील लोकसेविका

स्त्रियांनी शिक्षणात आणि सार्वजनिक कामात पहिली पावले कशी टाकली, हे सांगावयाचे झाले म्हणजे आपण पुण्यापासून आरंभ करतो. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई फुले शाळेत शिकवावयास निघाल्या म्हणजे लोक त्यांच्या अंगावर शेण टाकीत, पुढे १८८४ साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली. ही हकीगत आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. तेथून शिक्षिका, मग वाचनालयाच्या सभासद, मग नगरपालिकेच्या सदस्य असा शहरातील स्त्रीचा प्रवास झाला. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, स्त्रियांचे लोककार्य सर्वत्र याच पायऱ्यांनी चढले असावे असे आपण गृहीत धरतो.

चांदा जिल्ह्यात हे गृहीत चालत नाही. भिडेवाड्यातील शाळा निघाली तेव्हा चांदा अद्याप नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. इंग्रजांचा अंमल आला तो १८५४ साली. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांनी आणि त्यांच्या मधल्या सागाबांबूच्या रानाने हा मुलूख असा वेढलेला होता की, पावसाळ्याचे चार महिने पूर्वेकडील कित्येक गावांचा जगाशी संबंधच तुटत असे. शाळा काढावयाची तर मास्तर पोचावयास हवा, आणि मास्तर पोचावयाचा तर वाट हवी. म्हणून येथल्या स्त्रियांच्या कार्याचा इतिहास शाळेच्या हजेरीपटात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तो शोधावा लागतो स्वयंपाकघरात, दवाखान्यात, न्यायालयाच्या निकालपत्रात आणि मोर्चाच्या वाटेवर. येथे सेवा आधी आली, शाळा तिच्यामागून आली.

या शहरापुरते बोलावयाचे तर येथे स्त्रीच्या हाती कारभार येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बीरशहा मारला गेल्यावर राणी हिराईने रामशहास दत्तक घेतले आणि तो अल्पवयी असेपर्यंत गोंड राज्याचा कारभार स्वतः पाहिला. अचलेश्वर दरवाजाजवळची बीरशहाची समाधी तिने बांधविली. पतीने पत्नीसाठी उभारलेली स्मारके आपल्या देशात पुष्कळ आहेत आणि त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावण्याची आपल्याला हौसही आहे. पत्नीने पतीसाठी उभारलेले हे स्मारक आपल्या वेशीच्या आत असून ते आवर्जून पाहावयास जाणारे किती, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. महाकालीच्या देवळाशीही हिराईचे नाव जोडले जाते, आणि चैत्रात यात्रेला येणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते. असो. राणीच्या गोष्टीने सामान्य बाईचा इतिहास सुरू होत नाही. तो सुरू होतो, माझ्या मते, चिमूरला.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'छोडो भारत'चा ठराव होऊन आठवडाच झाला होता. चिमूरला जमाव निघाला, गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा बळी पडला, जमाव खवळला आणि सरकारी अंमलदार मारले गेले. इथपर्यंतचा भाग आपण दर वर्षी हुतात्म्यांना वंदन करताना ऐकतो. त्यानंतर लष्कर गावात आले. गावातले पुरुष बहुतेक पकडले गेले होते किंवा रानात पळाले होते. घरात उरल्या बायका. त्यांच्यावर काय गुदरले, हे आपण सभेत सांगताना आवाज खाली आणतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो.

त्या बायकांनी मात्र आवाज खाली आणला नाही. ज्या काळी अब्रू गेल्याची गोष्ट सख्ख्या बहिणीपाशी बोलणे कठीण, त्या काळी चिमूरच्या स्त्रियांनी आपल्यावरील अत्याचार परक्या माणसांना सांगितले. ते ऐकून घेण्यास आणि जगापुढे मांडण्यास ज्या पुढे आल्या, त्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे होत्या. बाई सामान्य नव्हत्या. १९२८ साली त्या मध्यप्रांताच्या कायदेमंडळात नेमल्या गेल्या, १९३० च्या चळवळीत त्यांनी ते पद सोडले, आणि १९३७ साली प्रांतिक विधानसभेच्या उपसभापती झाल्या. पुढे १९५२ साली त्या नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या आणि १९५८ साली वारल्या. चिमूर आणि आष्टी येथील जुलमांची माहिती गोळा करणे आणि फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी खटपट करणे, ही दोन्ही कामे त्यांनी अंगावर घेतली.

सरकारने चौकशीस नकार दिला. आरोप बायकांचे, साक्षीदार बायका, आणि विरुद्ध बाजूला सरकारची स्वतःची फौज. तेव्हा हा नकार अनपेक्षित नव्हता. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी उपोषण आरंभिले आणि ते ६३ दिवस चालले. त्या उपोषणाच्या बातम्या छापण्यास बंदी होती. तिच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. चिमूरच्या बाईने दिलेला शब्द कोठवर पोचला होता, हे यावरून दिसेल. १२ जानेवारी १९४३ ला उपोषण सुटले. फाशीच्या शिक्षाही अखेर जन्मठेपेवर आल्या. परंतु त्या स्त्रियांच्या तक्रारींची न्यायालयीन चौकशी काही झाली नाही. हुतात्म्यांची नावे दगडावर कोरली गेली. ज्यांनी साक्ष दिली त्यांची नावे कोरण्याजोगी कोणास वाटली नाहीत.

आता वरोऱ्याकडे वळू. चिमूरहून हे गाव फार दूर नाही, पण गोष्ट निराळ्या जातीची आहे.

नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली इंदू नावाची मुलगी १९४६ साली वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे यांच्याशी लग्न करून या जिल्ह्यात आली आणि साधना झाली. लग्नघरी गडबड चालली असता ही मुलगी हळूच बाहेर पडून म्हाताऱ्या मोलकरणीचे धुणे धुवावयास मदत करीत होती, ते पाहून आमट्यांनी हिच्याशीच लग्न करावयाचे ठरविले, अशी हकीगत सांगतात. गोष्ट गोड आहे. पण मला तिच्यातले धुणे महत्त्वाचे वाटते, कारण पुढची साठ वर्षे साधनाताईंच्या वाट्याला दुसऱ्यांचे धुणेच आले.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढे भांडवल होते. मोठ्या कार्याच्या प्रारंभाचे असे हिशेब सांगताना एक आकडा नेहमी राहून जातो. त्या माळावर साधनाताईंसोबत विकास आणि प्रकाश हे दोन मुलगे होते, थोरला चार वर्षांचा आणि धाकटा तीनसुद्धा पुरा नव्हता. विंचवा-सापांची जागा, रात्री बिबट्याची भीती, पाण्याला विहीर खणण्यापासून सुरुवात, आणि ज्या रोगाच्या नुसत्या नावाने लोक घरच्या माणसाला रस्त्यावर सोडीत त्या रोगाच्या माणसांत दोन तान्ही म्हणावीत अशी मुले घेऊन राहावयाचे! बाबांचे धैर्य विलक्षण होते, यात शंका नाही. पण आपल्या जिवावर उदार होणे एक, आणि पोटच्या मुलांना कडेवर घेऊन त्या वाटेने चालणे दुसरे. या दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

साधनाताईंचे काम कोणते? स्वयंपाक, गाईगुरे, दूधदुभते, आल्यागेल्याचे पाहणे, रुसलेल्याची समजूत, मरणाऱ्याच्या उशाशी बसणे. अहवालात लिहिता येण्याजोगे त्यांत थोडे. आनंदवनाची भाजी आणि दूध घ्यावयास वरोऱ्याचे लोक पहिल्याने तयार नसत. रोग्यांच्या हाताने पिकविलेले कोण खाणार? १९५४ साली निरनिराळ्या देशांतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी तेथे राहून इमारती बांधल्या आणि ते आनंदवनाचेच अन्न खात. ते पाहून गावाची भीड चेपली. गोऱ्या माणसाने खाल्ले म्हणून आम्ही खाल्ले, ही गोष्ट आपल्या गावांना फारशी भूषणावह नाही. पण ते अन्न रोज रांधणारी आणि सर्वांबरोबर बसून खाणारी बाई त्या पाहुण्यांच्या पूर्वी तीन वर्षे तेथेच होती, आणि तिचे उदाहरण पुरेसे झाले नाही, ही गोष्ट त्याहून बोचणारी आहे.

१९६४ साली आनंदवनाने महाविद्यालय काढले. ज्यांना गावाने वेशीबाहेर टाकले होते, त्यांनी गावाच्या मुलामुलींसाठी विद्येचे दार उघडले. पुण्यात शाळेपासून सेवेकडे जाण्याचा जो क्रम आपण पाहिला, तो येथे असा उलट झाला आहे. वरोरा, भद्रावती, चिमूर या बाजूच्या किती मुली परगावी न जाता पदवीपर्यंत पोचल्या, त्या घराघरांतून आजही भेटतात.

साधनाताईंनी आपले आयुष्य 'समिधा' या आत्मचरित्रात सांगितले आहे. शीर्षक त्यांचे त्यांनीच निवडलेले आहे, आणि त्यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो. एवढेच नोंदवितो की, १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार आला तो एकट्या बाबांच्या नावे. साधनाताई २०११ साली वारल्या.

राजकारणातील एक नाव येथे सांगून ठेवले पाहिजे. मूल तालुक्यातून वर आलेले मारोतराव कन्नमवार १९६२ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, निधन पावले. १९६४ साली चांद्याच्या लोकसभेच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली तेव्हा त्यांच्या पत्नी गोपिकाबाई, म्हणजे सर्वांच्या ताई कन्नमवार, निवडून गेल्या. त्याच सुमारास चांद्याचे नाव चंद्रपूर झाले. पतीच्या पुण्याईने जागा मिळाली असे म्हणणारे तेव्हा होते. पुरुषांच्या बाबतीत वडिलांच्या पुण्याईचा हिशेब आपण इतक्या कसोशीने ठेवतो काय?

सन १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. त्या गावच्या पोलीस ठाण्यात मार्च महिन्यातील एका रात्री एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचे नाव कायद्याच्या पुस्तकांतून जगभर गेले आहे, ते मी घेत नाही. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, तेव्हा प्रतिकार नव्हता, आणि प्रतिकार नव्हता तेव्हा संमती होती, अशा वळणाचा तो युक्तिवाद होता. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, एका अजाण मुलीने प्रतिकार करावयाचा तो कोणाच्या भरवशावर?

चिमूरच्या वेळी सरकार परके होते, असे म्हणून आपण सुटू शकत होतो. देसाईगंजच्या वेळी ती सोय राहिली नाही. परंतु या वेळी गोष्ट नकारावर थांबली नाही. १९७९ च्या सप्टेंबरात कायद्याच्या चार अध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. त्यांत वसुधा धगमवार आणि लतिका सरकार या दोन स्त्रिया होत्या, आणि उपेंद्र बक्षी व रघुनाथ केळकर हे दोन पुरुष. ते पत्र देशभर वाचले गेले, शहराशहरांतून स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला. आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने प्रथम ते खरे मानून चालावे, असा नियम आला. आपल्या जिल्ह्यातील एका निरक्षर मुलीच्या शब्दाने देशाचा साक्षीचा कायदा बदलला. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

याच सुमारास भामरागडच्या बाजूला, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमाच्या अलीकडे, हेमलकसा येथे डॉ. मंदाकिनी आमटे पती डॉ. प्रकाश यांच्यासह जाऊन राहिल्या होत्या. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरचा. मंदाकिनीताई नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून भूल देण्याचे शास्त्र शिकून आल्या होत्या, आणि पहिली कित्येक वर्षे हेमलकशात वीजच नव्हती. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया, भाषा माडिया, आणि रोगी डॉक्टरपेक्षा मांत्रिकावर विश्वास ठेवणारा. माडिया शिकल्याशिवाय 'कोठे दुखते' एवढेही विचारता येईना, म्हणून डॉक्टरच आधी विद्यार्थी झाले. दोन वर्षांनी, १९७६ साली, शाळा निघाली. मुले कंटाळली की रानातून चालत घरी पळून जात आणि त्यांना समजावून परत आणावे लागे. मराठी पुस्तकातील आगगाडी आणि पोस्टमन माडिया मुलाला समजावून सांगणे म्हणजे दुसऱ्या ग्रहाचे वर्णन करणे होते. त्या शाळेतून माडिया समाजातला पहिला डॉक्टर झाला. वकील, शिक्षक, वनरक्षक झाले. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार आला तेव्हा तो प्रकाश आणि मंदाकिनी या दोघांच्या नावे होता. सासूच्या आणि सुनेच्या पिढीत तेवीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर एका पुरस्कारपत्रावर असे वाचता येते.

आणखी एक डॉक्टर, आणि त्या तर या शहरच्याच. डॉ. राणी बंग, माहेरच्या चारी. पती डॉ. अभय यांच्यासह अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९८६ साली गडचिरोलीस 'सर्च' ही संस्था काढली. आरंभी जागा मिळाली ती तेंदूपत्त्याच्या गोदामात. त्या काळी खेड्यातील बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. याखेरीज तिला शरीर आहे, ते दुखते, याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. राणीताईंनी दोन खेड्यांत सहाशेपन्नास स्त्रियांना विचारले आणि तपासले. शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरीने एकीला साडेतीनांहून अधिक विकार. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या शेकडा आठच. जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगातील आरोग्यतज्ज्ञांना आपल्या योजनांची फेरमांडणी करावी लागली. शोध लावण्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. पूर्वी कोणी विचारले नव्हते ते विचारावे लागले, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावे लागले. गावच्या बायकांनी सांगितलेल्या झाडापानांच्या गोष्टी राणीताईंनी 'गोईण' या पुस्तकात लिहिल्या आहेत, तेही अशाच बसून राहण्याचे फळ आहे.

बायकांना विचारले म्हणजे औषधापूर्वी त्या दुसरेच सांगत: दारू. गडचिरोलीत या प्रश्नावर चळवळ झाली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार यांनी हा प्रश्न हाती घेतला. २०१० च्या डिसेंबरात हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. निघण्याचे ठिकाण चिमूर होते, याकडे माझे लक्ष गेल्यावाचून राहिले नाही. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि २०२१ साली शासनाने ती उठविली. बंदीने चोरटी दारू वाढली असे एक पक्ष म्हणतो, घरे सावरली असे दुसरा. श्रोत्यांत दोन्ही पक्षांचे लोक असतील. बंदी मागावयास शंभराहून अधिक किलोमीटर ज्या चालल्या, त्यांना ती उठविताना किती विचारले गेले, एवढाच माझा प्रश्न आहे.

शेवटी गडचिरोलीतील त्या स्त्रियांविषयी सांगतो, ज्यांचे नाव कोणत्याच सभेत घेतले जात नाही, कारण त्या एकीदुकी नाहीत. १९९३ ते १९९८ या काळात 'सर्च'ने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातीलच पाच-दहा यत्ता शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली. बाळ जन्मले की ही बाई घरी जाई, वजन करी, ऊब राहील असे गुंडाळी, आणि जंतुदोष दिसल्यास स्वतः इंजेक्शनही देई. हे डॉक्टरांचे काम अर्धशिक्षित बाईच्या हाती देऊ नये, असा आक्षेप तेव्हा जाणत्यांनी घेतला होता. बरोबर त्याच चालीवर, ज्या चालीवर पूर्वी मुलींच्या हाती पुस्तक देऊ नये असे म्हटले जाई. पाच वर्षांत त्या गावांतील नवजात बालमृत्यू हजारी सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली.

ज्या सुइणींना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी एक साधे उपकरण केले होते: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि खाली मण्यांच्या दोन ओळी. सुईण बाळाच्या छातीकडे पाहत बसे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवी. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्युमोनिया झाला आहे असे समजून ती लगेच औषध सुरू करी.